पिन्सोन बंधू: कोण कुठल्या जहाजावर होतं, आणि मार्तिन आलोन्सो खरंच पळाला होता का?

निळीरेघ:
कोलंबसच्या १४९२ च्या सफरीबद्दल वाचताना स्पेनमधल्या पालोस दे ला फ्रोन्तेरा गावच्या पिन्सोन घराण्याचं नाव सतत येतं, पण चित्र जुळत नाही. एका ठिकाणी म्हटलंय की मार्तिन आलोन्सो पिन्सोन नसता तर सफर निघालीच नसती. दुसरीकडे तोच सोन्याच्या हावेपोटी 'पिन्ता' हे जहाज घेऊन पसार झालेला. तिघा भावांकडे नेमकी कोणती कामं होती? 'पिन्ता' वेगळं झालं त्या २१ नोव्हेंबरच्या घटनेबद्दल कोणत्या कागदावर विश्वास ठेवायचा? आणि कोलंबसनंतर या घराण्याचं काय झालं?

परबाण:
आधी माणसं. 'पिन्ता'चा कप्तान मार्तिन आलोन्सो, त्याच जहाजाचा तांडेल (कप्तानाखालचा, खलाशांकडून काम करून घेणारा) फ्रान्सिस्को मार्तिन, आणि 'निन्या'चा कप्तान धाकटा विसेन्ते यान्येस. जहाजं मात्र त्यांची नव्हती. इथे बरेच लेख घसरतात. 'पिन्ता' क्रिस्तोबाल किन्तेरोचं, 'निन्या' मोगेरच्या हुआन नीन्योचं, 'सान्ता मारिया' हुआन दे ला कोसाचं. नीन्यो हे शेजारच्या गावातलं तितकंच मोठं दर्यावर्दी घराणं. हुआन स्वतः 'निन्या'वर तांडेल होता आणि त्याचा भाऊ पेरालोन्सो 'सान्ता मारिया'चा पायलट, म्हणजे जहाजाचा मार्ग ठरवणारा.

पिन्सोनांचं वजन कळायला खलाशीभरती पाहा. ३० एप्रिल १४९२ चा राजाराणीचा हुकूम २३ मे रोजी पालोसच्या सान होर्हे चर्चमध्ये वाचला गेला: गावाने पूर्वी केलेल्या आगळिकीची शिक्षा म्हणून दोन कॅरावेल (लहान शिडाची जहाजं) बारा महिने द्यायच्या. हुकमाने जहाज अडकवून ठेवता येतं, पण अनोळखी पाण्यात वर्षभर राबायला तयार असलेला कसबी खलाशी हुकमाने मिळत नाही. कोलंबसला तिथले खलाशी ओळखत नव्हते. मार्तिन आलोन्सो सामील झाल्यावरच माणसं नाव नोंदवू लागली, कारण त्याच्या हाताखाली काम केलेली घरं गावात होती. तिन्ही जहाजं मिळून सुमारे ९० माणसं जमली. पगार साधारणपणे तांडेल-पायलटला महिन्याला २,००० मारावेदी (तेव्हाचं स्पॅनिश नाणं), कसलेल्या खलाशाला १,००० असा धरला जातो, आणि चार महिन्यांचा आगाऊ. घरी बायकामुलं ठेवून जाणाऱ्याला ही आगाऊ रक्कम मोलाची होती.

वल्हं:
मार्तिन आलोन्सोची लायकी कळायला कोलंबसच्या रोजनिशीतली ६ ऑगस्टची नोंद वाचा. निघून तीनच दिवस झाले होते आणि 'पिन्ता'चं सुकाणू निखळलं. मालक किन्तेरो आणि गोमेस रास्कोन यांनी हे मुद्दाम केलं असावं, असा कोलंबसला संशय होता. त्या जहाजांचं सुकाणू मागच्या बाजूला लोखंडी बिजागऱ्यांवर अडकवलेलं असे: सुकाणूवरच्या खुंट्या जहाजावरच्या कड्यांत वरून बसायच्या. मागून उंच लाट आली की पातं वर उचललं जातं, खुंटी कड्यातून सुटते, आणि बिजागरी वाकली की ते पुन्हा नीट बसत नाही. मार्तिन आलोन्सोने ते दोरखंडांनी जखडलं. दुसऱ्या दिवशी ते परत सुटलं, कारण सुकाणूवरचा ताण प्रत्येक लाटेबरोबर दिशा बदलतो आणि दोर ढिला पडत जातो. पक्की दुरुस्ती ग्रान कानारिया बेटावरच झाली.

त्या दिवशी समुद्र असा खवळला होता की कोलंबसला मदतीला जवळ जाता आलं नाही. पण मार्तिन आलोन्सो धडाडीचा आणि कल्पक आहे हे ठाऊक असल्याने काळजी थोडी कमी झाली, असं त्याच रोजनिशीत आहे. पुढे त्याला लोभी म्हणणारी रोजनिशी ती हीच.

कानारियात आणखी एक काम झालं. एका कॅरावेलची त्रिकोणी शिडं काढून चौकोनी बसवली. रोजनिशीच्या गोषवाऱ्यात 'पिन्ता'चं नाव आहे, पण कोलंबसच्या मुलाच्या वृत्तान्तात 'निन्या'चं, आणि अभ्यासक बहुधा 'निन्या' धरतात. वारा मागून असला की त्रिकोणी शिडाचं लांबलचक परबाण (शीड ज्याला बांधतात तो दांडा) सांभाळणं अवघड जातं, बाजू बदलायची तर ते डोलकाठीच्या पलीकडे न्यावं लागतं आणि त्याला माणसं जास्त लागतात. पश्चिमेकडे जाताना महिनाभर वारा पाठीशीच असणार होता. ६ सप्टेंबरला जहाजं गोमेरा बेटावरून निघाली.

जुनाकागद:
२१ नोव्हेंबरबद्दल कागदांचे दोन ढीग आहेत आणि दोन्ही एका बाजूला कललेले. पहिला, कोलंबसची रोजनिशी. मूळ हरवली, उरलाय तो लास कासास या स्पॅनिश धर्मगुरू-इतिहासकाराने केलेला गोषवारा. दुसरा, कोलंबसच्या वारसांचा राजसत्तेशी चाललेला दीर्घ खटला. त्यात कोलंबसचं श्रेय कमी ठरलं तर वारसांचे हक्क कमी होणार, म्हणून सरकारी वकिलांनी पालोसच्या खलाशांना साक्षीला आणलं. या साक्षी वाचताना उत्तराआधी प्रश्न वाचा. हवं ते उत्तर बहुतेकदा प्रश्नातच घातलेलं असतं. मार्तिन आलोन्सोचा मुलगा आरियास पेरेस सांगतो की वडिलांना रोममध्ये पोपच्या ग्रंथालयात या भूमीबद्दलचा कागद मिळाला होता. त्यावर घराण्याची प्रतिष्ठा टांगलेली होती, म्हणून एकट्या त्या साक्षीवर इमारत उभारू नका.

आता घटना. 'पिन्ता' बाबेके नावाच्या बेटाकडे सोन्यासाठी गेलं. दुसऱ्या रात्रीची नोंद आहे की आकाश स्वच्छ होतं, वारा मंद होता आणि कोलंबसने रात्रभर कंदील पेटता ठेवला. त्यामुळे 'माझ्या मनाविरुद्ध दूर गेलो' हा मार्तिन आलोन्सोचा खुलासा मला पटत नाही. तो मुद्दाम गेला. पण त्याला पळालेला म्हणणंही चूक. ज्याला कोलंबसआधी स्पेन गाठायचं होतं तो एस्पान्योला बेटाच्या (आजचे हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक) किनाऱ्यावर वस्तूंच्या बदल्यात सोनं गोळा करत थांबला नसता, आणि ६ जानेवारी १४९३ ला परत येऊन भेटलाही नसता. तो थांबला होता त्या नदीला त्याचं नाव पडलं होतं. कोलंबसने ते बदलून 'रिओ दे ग्रासिया' केलं.

परतीच्या वाटेवर 'पिन्ता' मागे पडत होतं, कारण मागची डोलकाठी कमकुवत होती. सोन्याइतकीच काळजी नव्या काठीची घेतली असती तर बरं, असं कोलंबसने २३ जानेवारीला नोंदवलंय, आणि हा आरोप मला रास्त वाटतो. फेब्रुवारीच्या वादळात जहाजं वेगळी झाली, 'पिन्ता' गालिसियातल्या बायोना बंदरात पोहोचलं, आणि १५ मार्चला 'पिन्ता' आणि 'निन्या' दोन्ही पालोसला आली. मार्तिन आलोन्सो आजारी होता. थोड्याच दिवसांत तो गेला. पालोसजवळच्या ला राबिदाच्या मठात त्याला पुरलं. त्याच्या हातचं सफरीचं वर्णन आज आपल्याकडे नाही, म्हणून तोल कायम एकाच बाजूला जातो.

निळीरेघ:
प्रश्न आधी वाचायची सूचना फार उपयोगी. विसेन्तेचं पुढे काय झालं? आणि बाप-मुलगे, भाऊ-भाऊ यांची नावं इतकी वेगळी का?

विषुववृत्त:
माझ्या मते घराण्यातला सर्वांत मोठा दर्यावर्दी विसेन्तेच. नोव्हेंबर १४९९ मध्ये तो चार कॅरावेल घेऊन पालोसहून निघाला आणि २६ जानेवारी १५०० ला आजच्या ब्राझीलचा किनारा दिसला, म्हणजे पोर्तुगीज दर्यावर्दी काब्राल २२ एप्रिलला तिथे पोहोचला त्याच्या आधी. त्या भूशिराला त्याने सान्ता मारिया दे ला कोन्सोलासिओन नाव दिलं. ते पेर्नाम्बुकोतलं सान्तो आगोस्तिन्यो की सेआरातलं मुकुरिपे, यावर वाद आहे. विषुववृत्ताच्या दक्षिणेला ध्रुवतारा दिसत नसल्याने त्यावरून अक्षांश काढता येत नव्हता, हे स्थान अनिश्चित राहण्याचं एक कारण. हुआन दे ला कोसाच्या १५०० च्या नकाशावर या शोधाची नोंद विसेन्तेच्या नावाने आहे, पण वर्ष १४९९ दिलंय. ते निघण्याचं वर्ष असावं.

पुढे उत्तरेकडे किनाऱ्यापासून दूर समुद्रातच गोडं पाणी लागलं. ती अमेझॉन, त्याने नाव दिलं सान्ता मारिया दे ला मार दुल्से. तिथल्या माणसांना पकडून जहाजावर घातलं, हेही त्याच सफरीचं सत्य आहे. जुलैत वादळात दोन कॅरावेल बुडाल्या. सामान उधारीवर घेतलं होतं, त्यामुळे परतल्यावर धनको मागे लागले आणि राजसत्तेला मध्ये पडावं लागलं. १५०१ मध्ये त्या किनाऱ्याचं गव्हर्नरपद कागदोपत्री मिळालं, पण नव्या भूमी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये वाटून देणाऱ्या तोर्देसियासच्या १४९४ च्या करारानुसार ब्राझीलचा तो पूर्वेकडचा भाग पोर्तुगालकडे जात होता. १५०८ मध्ये हुआन दियास दे सोलीसबरोबर तो पश्चिमेकडची सामुद्रधुनी शोधायला गेला, ती सापडली नाही. १५१४ च्या सुमारास वारला.

जुनाकागद:
नावांबद्दल: तेव्हा स्थिर आडनाव सक्तीचं नव्हतं. एकाच बापाचे मुलगे आरियास पेरेस आणि हुआन मार्तिन, दोघेही पिन्सोन. कागदांत 'पिन्सोन' गाळून नुसतं 'विसेन्ते यान्येस' असंही येतं. म्हणून सूचीत फक्त 'पिन्सोन' शोधलंत तर निम्म्या नोंदी हुकतील. यान्येस, मार्तिन, पेरेस हेही शोधा आणि 'पालोसचा रहिवासी' हे शब्द जुळतात का ते पाहा. १५१९ मध्ये कार्लोस राजाने घराण्याला तीन कॅरावेल असलेलं मानचिन्ह दिलं. ती सनद मिळवून वाचा, एकाच कागदात बरेच नातेवाईक सापडतात.