मदत हवी आहे: व्हॅन अ‍ॅलन प्रोब्सच्या डेटातली पीसी-५ लहर खरी की फिल्टरमुळे आलेली?

नमस्कार मंडळी,

एमएससीच्या प्रोजेक्टसाठी नासाच्या व्हॅन अ‍ॅलन प्रोब्सचा मॅग्नेटोमीटर डेटा बघतेय. ही जुळी यानं २०१२ ते २०१९ रेडिएशन बेल्टमध्ये (पृथ्वीभोवतीच्या भारित कणांच्या पट्ट्यांत) फिरत होती. माझा विषय पीसी-५, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या १५० ते ६०० सेकंद आवर्तकाळाच्या लहरी. यान पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वांत दूर, साधारण ५.८ पृथ्वीत्रिज्यांवर, पहाटेच्या बाजूला असतानाचे तास निवडलेत. तिथे मूळ क्षेत्र दीडशे-दोनशे नॅनोटेस्लाचं आणि लहर जेमतेम दोन-तीनची. त्यात यान सरकत असल्याने मूळ क्षेत्रही बदलत राहतं. म्हणून सरकती सरासरी वजा करून क्षेत्ररेषेला समांतर, त्रिज्येच्या दिशेचा आणि पूर्व-पश्चिम असे घटक वेगळे केले.

पूर्व-पश्चिम घटकात पाच मिनिटांच्या आसपास स्वच्छ शिखर येतं. सरासरीची विंडो (जितक्या वेळाची सरासरी घेते तो कालखंड) दहा मिनिटांची घ्या की तीसची, ते जागचं हलत नाही. त्रिज्येच्या घटकातलं शिखर मात्र विंडोबरोबर सरकतं: दहाला सात मिनिटांवर, तीसला एकवीसवर. सरकती सरासरी वजा केली की विंडोच्या ०.७ पट आवर्तकाळाची दोलनं वीसेक टक्क्यांनी फुगतात, आणि आकडा नेमका तिथेच जुळतो. म्हणजे हे शिखर बहुधा फिल्टरचंच. पण त्याच्याखाली बारीकशी खरी पोलॉइडल (क्षेत्ररेषा त्रिज्येच्या दिशेने हलवणारी) लहर दबलेली नाही, हे कसं ठरवायचं?

स्थायी लहरीत विद्युत आणि चुंबकीय दोलनांत ९० अंशांचा कलाफरक असतो, ती कसोटी लावावी म्हटलं. टोरॉइडलसाठी, म्हणजे क्षेत्ररेषा पूर्व-पश्चिम हलवणाऱ्या लहरीसाठी, त्रिज्येच्या दिशेचं विद्युत क्षेत्र लागतं. पहाटेच्या बाजूला ते यानाच्या फिरण्याच्या प्रतलात येतं, लांब वायर बूम्समुळे (यानाबाहेर पसरलेल्या, टोकाला संवेदक असलेल्या तारांमुळे) छान मोजलेलं असतं. पोलॉइडलसाठी पूर्व-पश्चिम क्षेत्र हवं, आणि ते नेमकं सूर्याकडे रोखलेल्या अक्षावर पडतं. तिथले बूम आखूड. ई-डॉट-बी शून्य (विद्युत क्षेत्र चुंबकीय क्षेत्राला लंब) धरून तो घटक काढावा, तर चुंबकीय क्षेत्र फिरण्याच्या प्रतलाच्या इतकं जवळ असतं की उत्तर भरकटतं.

शिवाय यान चुंबकीय विषुववृत्ताजवळ असतं, जिथे मूलभूत लहरीच्या चुंबकीय दोलनाचा निस्पंद (दोलन जवळपास शून्य असलेली जागा) असतो. मग मला दिसतेय ती दुसरी हार्मोनिक (मूलभूतच्या वरची, जिचं चुंबकीय दोलन तिथे शून्य नसतं) धरावी का?

विद्युत क्षेत्राशिवाय पोलॉइडल भाग तपासायची पद्धत कुणी वापरली आहे का? मागून त्याच कक्षेत येणाऱ्या दुसऱ्या यानाचा डेटा पुरेल का? सरकत्या सरासरीऐवजी त्सिगानेन्को मॉडेलचं (पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राचं गणिती मॉडेल) क्षेत्र वजा करणं जास्त भरवशाचं आहे का? आलेख आणि पायथन कोड हवा असेल तर इथेच टाकते.