विंडोज, मॅक, लिनक्स: लिब्रेऑफिसचे शब्द कुठे असतात

लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरच्या शब्दकोशात स्वतः घातलेले मराठी शब्द नव्या मॅकवर कसे न्यायचे, असा प्रश्न एकाने विचारला आहे. हे शब्द यूजर नावाच्या फोल्डरात असतात. विंडोजवर त्याचा पत्ता असा: रन खिडकीत %ॲपडेटा% (रोमन अक्षरांत) टाका, मग लिब्रेऑफिस, ४, यूजर ही फोल्डरं एकात एक उघडा. पण शब्द मॅकवर न्यायचे आहेत, म्हणून थोडी भर.

मॅकवर हेच यूजर फोल्डर होममधल्या लायब्ररीत, ॲप्लिकेशन सपोर्टखाली असतं. लायब्ररी एरवी दिसत नाही. फाइंडरच्या गो मेनूत ऑप्शन कळ दाबून धरली की हजर! लिनक्सवर साधारणपणे होममध्ये .कॉन्फिग, त्यात लिब्रेऑफिस. टिंबाने सुरू होणारी नावं लपलेली असतात, बहुतेक फाइल मॅनेजरांत कंट्रोल-एच दाबा. फ्लॅटपॅक किंवा स्नॅप या पद्धतींनी लिब्रेऑफिस बसवलं असेल तर पत्ता मात्र वेगळा.

त्या '४'वरून गोंधळू नका. आवृत्ती ७ असो वा २४, फोल्डरचं नाव ४ च राहिलंय. का बदलत नाहीत, देव जाणे.

तुमचे शब्द यूजरमधल्या वर्डबुकमध्ये, स्टँडर्ड.डिक या फायलीत असतात. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. वरच्या ओळी आणि तीन आडव्या रेघा तशाच ठेवा, खाली ओळीला एक शब्द. लिब्रेऑफिस पूर्ण बंद करून तेवढीच फाइल उचला आणि मॅकवरच्या वर्डबुकमध्ये ठेवा. अख्खं यूजर फोल्डर नेलंत तर सेटिंगच्या एक्ससीयू फायलीतले जुन्या मशीनचे पत्तेही सोबत येतात, आणि ते मॅकवर काय कामाचे?