मदत हवी आहे: जीटी८६ साठी ८ इंच रुंद रिम घ्यावे का?

नमस्कार मंडळी,

मी श्टुटगार्टमध्ये राहतो. दोन वर्षं पैसे बाजूला टाकून गेल्या सप्टेंबरात टोयोटा जीटी८६ घेतली. मार्च २०१४ ची नोंदणी, सहा गिअरची मॅन्युअल. रोज ऑफिसला तीच नेतो आणि महिन्यातून एखाद्या रविवारी पहाटे निघून ब्लॅक फॉरेस्टच्या बी५०० रस्त्याला, बाडेन-बाडेनहून फ्रॉयडनश्टाटपर्यंत. त्या वळणांसाठीच ही गाडी घेतली.

आता अडचण सांगतो. मागच्या डाव्या रिमला आतल्या बाजूने बाक आला आहे. ११० च्या पुढे सीटखाली थरथर जाणवते. दोनदा बॅलन्सिंग करून झालं, फरक नाही. टायरही २०१८ चे आहेत, म्हणजे ते बदलायचेच. एक मूळ रिम शोधत बसण्यापेक्षा उन्हाळ्यासाठी चार नवीन घ्यावेत आणि जुने, बाक काढता आला तर, हिवाळी टायरांना ठेवावेत असा विचार आहे.

मूळ माप ७×१७ (रिमची रुंदी आणि व्यास, इंचांत), ईटी म्हणजे ऑफसेट ४८ मिमी, टायर २१५/४५ आर१७ (रुंदी २१५ मिमी, भिंतीची उंची त्याच्या ४५ टक्के). पाच नट, त्यांचं वर्तुळ १०० मिमीचं, हबचा (गाडीच्या ज्या मधल्या भागावर चाक बसतं त्याचा) व्यास ५६.१ मिमी. माझ्यासमोर तीन पर्याय आहेत.

पहिला, ८×१७ ईटी ४५, सोबत २१५/४५ आणि २२५/४५ दोन्ही टायरांसाठी टायलेगुटाख्टन, म्हणजे ट्यूफवाले (इथली गाड्या तपासणारी संस्था) पाहून शिक्का देतील तो कागद. दुसरा, ८.५×१८ ईटी ४० वर २२५/४० चे टायर. दिसायला हाच सगळ्यात देखणा. तिसरा, वापरलेले फोर्ज्ड (दाबून घडवलेले) जपानी ९×१७ ईटी ४५, वजनाला फारच हलके, पण कागद एकही नाही.

ऑफसेटचा हिशेब कागदावर मांडला, कुणी तपासून द्याल का? रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारी बाजू यांतलं अंतर म्हणजे ईटी. मूळ रिमची निम्मी रुंदी ८८.९ मिमी. त्यातून ४८ वजा केले की बाहेरची कड हबपासून ४०.९ वर येते. ४८ मिळवले की आतली कड १३६.९ वर जाते. याच रीतीने पहिला पर्याय मूळपेक्षा साधारण १६ मिमी बाहेर आणि १० मिमी आत जातो. दुसरा २७ बाहेर, ११ आत. तिसरा २८ बाहेर आणि तब्बल २२ मिमी आत. पुढच्या शॉक अॅब्झॉर्बरची नळी आणि आताच्या टायरची आतली बाजू यांत पट्टीने २६ मिमी मोजले. म्हणजे तिसऱ्यात चारच मिमी उरतात, आणि टायर रुंद झाला की तेही जातात. मला त्यात राम वाटत नाही.

टायरचा बाहेरचा व्यासही काढला. मूळचा ६२५ मिमी, २२५/४५ आर१७ चा ६३४, २२५/४० आर१८ चा ६३७. म्हणजे दीड ते दोन टक्के मोठा. स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायचा नाही हा इथला नियम, पण मूळ मीटर थोडं जास्तच दाखवतं, त्यामुळे तिथे फार अडेल असं वाटत नाही.

खरी घालमेल वेगळीच आहे. या गाडीचे मुख्य अभियंता तेत्सुया ताडा यांनी मुद्दामच फार न चिकटणारे साधे टायर दिले होते. त्याच जातीचे मिशेलिन टायर टोयोटाच्या हायब्रिड प्रिउसलाही लागायचे. गाडीने माफक वेगातही चालकाशी बोलावं, मागची बाजू हळूच सुटावी आणि हाताला कळावी, हा त्यामागचा विचार. मला ते बोलणं फार आवडतं. रुंद रिम आणि चिकट टायर बसवून तीच मजा मी माझ्या हाताने घालवणार नाही ना? दुसरीकडे पावसात त्या टायरांवर मोठ्या वळणात पुढचं टोक बाहेर जाताना दोनदा घाबरलोही आहे.

आणखी एक मोह. इथल्या जुन्या बाजारात फोक्सवॅगन गोल्फ ४ चे ७.५×१७ ईटी ३८ चे रिम निम्म्या किमतीत पडलेत. त्यांचंही ५×१००. हिशेबात बसतात. घ्यावेत का?

वडिलांचं कराडजवळ हायवेला पंक्चरचं दुकान होतं, त्यामुळे चाक चढवायला मी घाबरत नाही. पण तिथे ट्रकची चाकं, आणि ट्यूफचा कागद कुणी ऐकलाही नव्हता. ज्यांनी हे इथे केलं आहे त्यांनी कृपया सांगा.

— खिंडवाट

घाटमाथा:

तुमचा हिशेब बरोबर आहे. मी म्युनिकला, माझ्याकडे याच गाडीची जुळी बहीण, सुबारू बीआरझेड. ८×१७ घेऊन तीन उन्हाळे झाले.

एक गोष्ट मात्र धरली नाहीत. रिमची कड आणि टायरची भिंत एका रेषेत नसतात. रिम अर्धा इंच रुंद झाली की तोच टायर साधारण ५ मिमी फुगतो. त्यामुळे २१५ चा टायर ७ वरून ८ वर नेलात तर तो सुमारे १० मिमी रुंद होईल, म्हणजे दोन्ही बाजूंना पाच-पाच. आतल्या २६ पैकी कडेच्या हिशेबाने १० गेले तरी टायरच्या हिशेबाने त्याहून बरेच कमी, साधारण दोनच जातील, कारण ईटी ३ ने कमी झाल्याने टायर तितका बाहेर सरकतो. जागा पुरते.

कागद वाचताना पहिलं पान सोडून मागचे अटींचे आकडे वाचा. कोणत्या टायरला फेंडरची कड आत दुमडावी लागेल, कुठे पट्टी लावावी लागेल, ते तिथेच असतं. ट्यूफवाला चाकाच्या मध्यापासून पुढे ३० आणि मागे ५० अंशांच्या कमानीत टायर वरून झाकला जातो का ते पाहतो. १८ इंची पर्यायात २७ मिमी बाहेर म्हणजे तिथेच वाद होणार. शिवाय खड्ड्यात १८ ची भिंत कमी वाचवते, आणि तुमचा एक रिम आधीच वाकलाय.

बिनकागदाचे रिम घेऊ नका. स्वतंत्र तपासणी करून घेता येते, पण खर्च आणि हेलपाटे दोन्ही. आणि मंजुरीशिवाय चालवलीत तर गाडीची रस्त्यावरची परवानगीच संपते, अपघात झाला की विमावाला सगळ्यात आधी तेच काढतो.

टायरवाली_ताई:

गोल्फच्या रिमना हात लावू नका! कळकळीने सांगते. मी पुण्यात दहा वर्षं टायरच्या व्यवसायात आहे, ही चूक करून आलेली गाडी मी स्वतः पाहिली आहे.

वर्तुळ तेच १०० मिमी, पण मधलं भोक ५७.१ चं. तुमच्या ५६.१ च्या हबवर ते एक मिलिमीटर सैल बसतं. हाताला कळत नाही, वेगात थरथरतं. त्याहून वाईट म्हणजे नटाची बैठक. फोक्सवॅगनच्या रिमला गोल बैठक असते, तुमच्या नटांना निमुळती. कोन गोलात घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण टेकतो फक्त एका बारीक कडेवर. चालता चालता ढिला होतो.

नटांचं अजून एक. बिल्ला टोयोटाचा असला तरी गाडी सुबारूच्या गुन्मा कारखान्यात बनली. दुकानात "टोयोटाचे नट द्या" म्हणालात तर एम१२ × १.५ चे (१२ मिमी जाडी, आट्यांमधलं अंतर १.५ मिमी) देतील. तुम्हाला १.२५ चे आटे हवेत. पहिले दोन-तीन वेढे हाताने सहज गेले पाहिजेत. अडकला तर पाना लावायचा नाही, काढून बघायचं.

खिंडवाट:

ताई, घाटमाथा, दोघांचे मनापासून आभार. गोल्फचे रिम घ्यायला शनिवारी जाणारच होतो. विक्रेत्याला आत्ताच नाही कळवलं.

८×१७ ईटी ४५ ठरवले. आणि घाटमाथांचं फुगण्याचं वाचून सुचलं की आधी २१५/४५ च घालावा. १७ इंचात त्या मापाला ८ इंचापर्यंतची रिम चालते, कागदातही आहे. व्यास मूळचाच राहील, भिंत ताठ होईल, पण रबराची रुंदी वाढणार नाही. फक्त टायर पावसात चांगला पकडणारा घेईन. म्हणजे गाडीचं बोलणं राहील असं वाटतं. चुकतंय का?

नटांबद्दल: मागच्या महिन्यात एका वर्कशॉपमध्ये एअर गनने इतके आवळले की घरी एक नट सोडवताना पाना वाकला. आता स्वतःच लावणार. टॉर्क रेंच आणलाय, १२० न्यूटन मीटर, एक सोडून एक नट अशा क्रमाने, चाक हवेत असताना हलके आणि खाली टेकवल्यावर पूर्ण. ५० किलोमीटरनंतर पुन्हा तपासेन.

शेवटचा प्रश्न: नव्या रिमचं भोक मोठं आहे, म्हणून भोक आणि हब यांतली फट भरणारी मधली रिंग लागेल. प्लॅस्टिकची घेऊ की अॅल्युमिनियमची?

घाटमाथा:

चुकत नाही. मी २२५ घातले आणि पहिल्या महिन्यात मला गाडी थोडी मुकी वाटली होती. सवय झाली, पण पुढच्या वेळी मी २१५ च घेणार आहे.

रिंग आधी कागदात बघा, बहुतेक वेळा कोणती ते लिहिलेलं असतं, आणि ट्यूफवाला तीच मागतो. निवड तुमच्यावर असेल तर बी५०० आणि ऑफिससाठी चांगली प्लॅस्टिकची पुरते. नूरबुर्गरिंगच्या रेस ट्रॅकला जायचं मनात असेल तर ब्रेकच्या उष्णतेसाठी अॅल्युमिनियमची, मात्र ती गंजून हबला चिकटते. चढवण्याआधी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा. वंगण लावायचंच असेल तर रिंगच्या आतल्या बाजूला अगदी पुसटसं. नट बसतात त्या स्टडच्या आट्यांना नाही, नाहीतर १२० चा आकडा खोटा ठरेल.