भरपाई आधी की क्षमा आधी?

ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे देवाची क्षमा विनाअट मिळत असेल तर माणूस पाप करायला मोकळाच सुटतो, असा आक्षेप घेतला जातो. तो नवा नाही. ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक पौल याने बायबलमधील रोमकरांस पत्रात (अध्याय ६) स्वतःच तो उपस्थित करून ठामपणे फेटाळला आहे. मला मात्र लूकच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) १९व्या अध्यायातील जक्कयाचा प्रसंग अधिक बोलका वाटतो. यरीहोचा हा मुख्य जकातदार, लोकांच्या मनातून केव्हाच उतरलेला, येशूला पाहण्यासाठी उंबराच्या झाडावर चढतो आणि येशू त्याच्याकडून कोणतीही कबुली न घेता, सर्वांदेखत, आज तुझ्याच घरी उतरायचे आहे असे सांगतो. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचा आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचा शब्द जक्कय देतो, तो त्यानंतर. म्हणजे भरपाई ही कृपेची किंमत नसून तिचा परिणाम आहे. आणि ज्यांचे पैसे बुडाले होते (त्यांची आठवण सहसा कुणी काढत नाही) त्यांचा हिशेबही त्यात राहून गेलेला नाही. देव मनुष्याला स्वीकारतो तो कृपेनेच, त्याच्या पुण्याईमुळे नव्हे, हे कॅथलिक आणि लुथरन या दोन्ही ख्रिस्ती पंथांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे संयुक्तपणे मान्य केले आहे.

खरी अडचण माझ्या मते मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात, येशूने सांगितलेल्या दृष्टांतात आहे. दहा हजार तालांतांचे (म्हणजे न फिटण्याजोगे प्रचंड) कर्ज धन्याने माफ केलेला चाकर शंभर दीनारांसाठी (त्या मानाने अगदी क्षुल्लक रकमेसाठी) सोबत्याचा गळा धरतो, तेव्हा धनी दिलेली माफी मागे घेतो. मग ती विनाअट होती असे कसे म्हणायचे, यावर जाणकारांनी अवश्य लिहावे.