थंड, ओलागच्च उन्हाळा : बटाट्याला करपा, पाव फुगेना, वाढदिवस तोंडावर. मदत हवी आहे

पाऊसवेडी (आता नाही), १७ जुलै २०२४

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोच्या कडेला राहतो. घरामागे दोन रिक्षा उभ्या राहतील एवढी बाग, तिच्या कोपऱ्यात प्लास्टिकचं छोटं ग्रीनहाउस. यंदा साबा (सासूबाई) साताऱ्याहून आल्या आहेत. एप्रिलमध्ये त्यांनी, लेकीने आणि मी मिळून ठरवलं, की लेकीच्या सातव्या वाढदिवसाला, म्हणजे १० ऑगस्टला, पावभाजी करायची आणि त्यातलं होईल तेवढं सगळं घरचं. बटाटे, मटार, टोमॅटो, कोथिंबीर बागेतली, पाव आपण भाजलेले. लेकीने सुट्टी लागायच्या आत वर्गात सगळ्यांना सांगूनही टाकलं. आता माघार नाही.

आणि हवेने दगा दिला. जून सगळा स्वेटरमध्ये गेला. जुलैतही दुपारी पंधरा-सोळा अंश आणि बाहेर रिपरिप. आपल्याकडच्यासारखा कोसळून मोकळा होणारा पाऊस नाही हा, नुसता पाझरत राहतो. साबा म्हणतात, "हा पाऊस नव्हे गं, नळाची गळती आहे."

आधी बटाट्यांचं. मॅरिस पायपर जातीची बारा रोपं आहेत. गेल्या आठवड्यापर्यंत पाला कमरेला लागत होता. शनिवारी पानांच्या कडांना काळपट डाग दिसले, सोमवारी देठांवर, आज दोन रोपं आडवी झाली. पान उलटून पाहिलं तर डागाच्या कडेने पांढरट बुरशी. साबांनी बघितल्या बघितल्या "करपा" म्हटलं. खरंच तोच का? सगळं उपटून टाकू का? खालचे बटाटे खाण्यासारखे राहतात?

टोमॅटो ग्रीनहाउसमध्ये आहेत, लिंबाएवढे झालेत आणि हिरवेगार. दहा तारखेपर्यंत लाल होतील का? कोथिंबीर वीतभर वाढली आणि थेट फुलोऱ्यावर गेली. झुकिनीला बोटाएवढं फळ धरतं, मग टोकाकडून पिवळं पडून कुजतं. घेवड्याची रोपं गोगलगायींनी एका रात्रीत संपवली, त्यांचं दुःख करून झालंय. मटार मात्र खुशीत आहेत. मुलं उभ्या उभ्या खातात, त्यामुळे घरात एक दाणा येत नाही, पण ते वेगळं.

आता पाव. ५०० ग्रॅम स्ट्राँग ब्रेड फ्लॉर (पावासाठीचं पीठ), ७ ग्रॅम यीस्टचं पाकीट, ३२० मिली पाणी, मीठ, थोडी साखर, थोडं लोणी. कृतीत लिहिलंय एक तासाने पीठ दुप्पट होतं. माझं एका तासाने होतं तसंच बसलेलं असतं, रुसल्यासारखं. तसंच भाजलं तर विटा झाल्या. स्वयंपाकघरात सतरा अंश असतात आणि जुलैत हीटिंग लावायला नवरा तयार नाही. "उन्हाळा आहे" म्हणतो, आणि हे तो टोपी घालून म्हणतो.

शिवाय मुलांच्या हातात द्यायला नानकटाई करून पाहिली. तूप थंडीने दगड झालेलं, म्हणून पातळ करून घातलं. सेल्फ रेझिंग पीठ, वर चमचाभर बेकिंग पावडर. ट्रेभर एकच नानकटाई झाली, भारताच्या नकाशासारखी.

बागेत जोरात काय आहे, तर ऱ्हुबार्ब. साबांना त्याचे लालसर देठ बघून आंबट चुका आठवला आणि त्या पानांची पातळ भाजी करायला निघाल्या होत्या. विळी हातात होती, मी पळत जाऊन थांबवलं. त्याचं काय काय करता येईल तेही सांगा.

जाणकारांनी कृपया लवकर लिहा.

मंचरकर

ताई, करपाच आहे. उशिरा येणारा करपा. आमच्याकडे सातगाव पठारावर खरिपात बटाटा असतो, ढग आणि धुकं चार दिवस बसलं की हेच चित्र. पांढरी बुरशी पानाच्या खालून दिसली म्हणजे शंका घ्यायचं कारण नाही.

उपटू नका! पाला आजच जमिनीलगत कापा आणि बागेबाहेर काढा. कंद जमिनीतच दोन आठवडे राहू द्या. तेवढ्यात साल पक्की होते आणि मातीवर पडलेले बुरशीचे बीजाणू मरतात. लगेच खणलंत तर तेच बीजाणू ओल्या कंदाला लागतात आणि पोत्यात सगळा माल सडतो. कापल्यावर ओळींवर थोडी भर घाला, एखादा बटाटा उघडा असेल तर झाकला जाईल. आम्ही बोर्डो मिश्रण मारतो, मोरचूद आणि चुना, पण तेही रोग यायच्या आधी. आता उपयोग नाही.

उत्तरेकडचा

मंचरकर काकांशी सहमत. मी डंडीजवळ असतो. मोरचुदाची औषधं इथे घरच्या बागेसाठी मिळतच नाहीत, त्यामुळे शोधत बसू नका. कापलेला पाला घरच्या कंपोस्टात घालू नका, कौन्सिलच्या बागकचऱ्याच्या डब्यात टाका.

इथल्या जेम्स हटन इन्स्टिट्यूटने करप्याच्या इशाऱ्यासाठी निकष ठरवलाय : सलग दोन दिवस किमान तापमान १० अंशांच्या खाली गेलं नाही आणि दोन्ही दिवशी निदान सहा तास हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर राहिली, की सावध व्हायचं. तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडे हे जवळजवळ रोजच चाललंय. १८४५ मध्ये आयर्लंडला आणि त्याच्या पुढच्या वर्षी स्कॉटलंडच्या हायलँड्सना उपाशी मारलं ते याच रोगाने, तेव्हा तुमचं बागकाम कच्चं आहे असं मनात आणू नका.

पुढच्या वर्षी लवकर येणारी जात लावा, करप्याच्या आधी जून-जुलैत निघते. उशिराचीच हवी तर सार्पो मिरा बघा, ती करप्याला बरीच दाद देत नाही. चवीला मला फारशी आवडत नाही, पण पावभाजीत कोणाला कळतंय.

आणि टोमॅटोकडे रोज लक्ष ठेवा. बटाट्याचाच भाऊबंद आहे, करपा त्यालाही होतो. ग्रीनहाउसचं दार दिवसा उघडं ठेवा, पाणी पानांवर नको, फक्त बुडाशी.

पाऊसवेडी (आता नाही)

दोघांचेही आभार. संध्याकाळी साडेनऊपर्यंत उजेड असतो त्याचा फायदा घेऊन पाला कापला. साबा विळा मागत होत्या, कात्री दिली. त्या नाराज आहेत.

लातूरची लेक

गोगलगायींवर मी बोलणारच. २०२२ ला आमच्या भागात सोयाबीन उगवलं की त्या फस्त करायच्या, लोकांनी दुबार-तिबार पेरण्या केल्या. गोणपाट गुळाच्या पाण्यात बुडवून संध्याकाळी बांधावर टाकायचं, पहाटे उचलायचं. खाली जमलेल्या असतात. उचलून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकायच्या. वाफ्यात मीठ फेकू नका, जमीन बिघडते. तिकडे गोणपाट नसेल तर जुनं पायपुसणं चालेल.

उत्तरेकडचा

पायपुसण्याची युक्ती आवडली. गोळ्याच वापरायच्या तर फेरिक फॉस्फेटवाल्या घ्या. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या बाहेर वापरायला ग्रेट ब्रिटनमध्ये २०२२ च्या वसंतापासून बंदी आहे, शेजाऱ्याने जुना डबा दिला तरी घेऊ नका.

हौशी टीकाकार

एवढा खटाटोप कशाला? दुकानातून पाव आणा, बटाटे आणा, तासाभरात पावभाजी. पोरांना काय फरक पडतो.

पाऊसवेडी (आता नाही)

हौशी टीकाकार, पोरांना पडत नसेलही. मला पडतो.

ओव्हनवाली मावशी

अगं, तुझं यीस्ट मेलेलं नाही, गारठलंय. एक तास हा २४-२५ अंशांच्या स्वयंपाकघराचा हिशेब असतो. सतरा अंशांत दोन-अडीच तास लागले तर नवल नाही. घड्याळ बघू नकोस, पीठ बघ. उभ्या भांड्यात ठेव आणि बाहेरून रबरबँड लाव, म्हणजे दुप्पट झालं का ते डोळ्यांनी दिसतं. ओलं बोट दाबून बघ, खड्डा हळूहळू अर्धाच भरला तर झालंय.

पाणी कोमट घे, मनगटावर टाकलं तर गरमही नाही, गारही नाही असं. मग भांडं बंद ओव्हनमध्ये ठेवून नुसता दिवा लाव, खालच्या कप्प्यात उकळत्या पाण्याची वाटी. इडलीचं पीठ थंडीत असंच आंबवतो ना आपण? तुझ्या सासूबाई शालीत गुंडाळून ठेवायला सांगतील. चूक नाही त्यांचं, पण गार पिठाला शाल गारच ठेवते. आत थोडी ऊब असली तरच शालीचा उपयोग.

माझी आवडती पद्धत मात्र उलटी. रात्री मळून फ्रीजमध्ये ठेव, सकाळी बाहेर काढून पाव वळ. हळू आंबलेल्या पिठाला चव येते. लादीपावासाठी पाण्याच्या जागी अर्धं दूध घे आणि एक मध्यम बटाटा उकडून, गार करून, किसून पिठात घाल. दुसऱ्या दिवशीही पाव मऊ राहतात. बटाट्याने पीठ सैल होतं, म्हणून पाणी दोन-तीन चमचे हातचं राखून ठेव. दुधाचा हात फिरवून १९० ला वीसेक मिनिटं. काढल्यावर लोणी चोळ आणि फडक्याखाली झाक.

नानकटाईचं उत्तर तूच लिहिलं आहेस. पातळ तूप आणि डबल फुगवण! सेल्फ रेझिंगमध्ये बेकिंग पावडर असतेच. साधा मैदा घे, त्यात थोडं बेसन, थोडा रवा. तूप थिजलेलं असलं तर बरंच आहे, पातळ करू नकोस, तासभर बाहेर ठेवून पिठीसाखरेबरोबर पांढरं होईस्तोवर फेस. गोळे वळून अर्धा तास फ्रीजमध्ये, मग ओव्हन. तुमच्या हवेला नानकटाई खरं तर सोपी जायला हवी. आमच्याकडे मे महिन्यात ती ट्रेमध्ये जायच्या आधीच पसरते.

आळशी माळी

झुकिनीचं फळ कुजतंय कारण परागीभवन होत नाहीये. पावसात मधमाश्या बाहेर पडत नाहीत. सकाळी नर फूल तोडा (बारीक देठावरचं, मागे फळ नसलेलं), पाकळ्या काढा आणि मादी फुलात फिरवा. आजी भोपळ्याला हेच करायची. पोरांना हे काम द्या, ती विसरत नाहीत.

कोथिंबिरीचा नाद सोडा. तुमच्याकडे जूनमध्ये दिवस साडेसतरा तासांचा, तिला वाटतं आयुष्य संपत आलं. ऑगस्टात दिवस लहान व्हायला लागले की पुन्हा टाका. तोवर विकत.

टोमॅटो झाडावर लाल होण्याची वाट बघू नका. जुलैअखेर थोडा जरी रंग फिरला तर तोडा, घरात पिकल्या केळ्याबरोबर कागदी पिशवीत ठेवा. फ्रीजमध्ये नको. जे हिरवेच राहतील त्यांची तीळ-शेंगदाण्याचं कूट घालून चटणी. माझं विचाराल तर तीच पावाबरोबर जास्त चांगली लागते.

ऱ्हुबार्बची पानं विषारीच, बरं केलंत थांबवलंत. पण सासूबाईंची नजर तयार आहे : आंबट चुका आणि ऱ्हुबार्ब एकाच कुळातले. देठ चिरून तुरीच्या वरणात घाला, चिंच-आमसूल नको, गूळ सढळ हाताने. जुलै संपला की देठ काढणं थांबवा, झाडाला पुढच्या वर्षासाठी दम धरू द्या.

ओव्हनवाली मावशी

आणि उरलेल्या देठांचा क्रंबल कर की! देठ, साखर, थोडं आलं आणि वेलची तळाशी. वर मैदा, लोणी, साखर बोटांनी चुरून, त्यात तिकडचे ओट्स. फुगायचं काही नाही, म्हणजे फसायचंही नाही.

पाऊसवेडी (आता नाही), ११ ऑगस्ट २०२४

मंडळी, हिशेब देते.

बटाटे ३ तारखेला खणले. सकाळभर कोरडं होतं, तेवढ्यात. साडेचार किलो निघाले, बहुतेक लिंबाएवढे. चार-पाच आतून तपकिरी होते ते फेकले. बाकी एक-एक धुऊन, कापून पाहिले, छान होते. साठवायच्या भानगडीत पडले नाही. टोमॅटो एकूण अकरा लाल झाले, त्यातला एक लेकीने मोजता मोजता खाल्ला. बाकी पिशवीतले विकतचे. कोथिंबीरही. मटार वाचवण्यासाठी साबा शेवटचे चार दिवस खिडकीत पहाऱ्याला बसल्या होत्या.

पाव दोनदा करावे लागले. शुक्रवारी पीठ ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवलं होतं आणि नवऱ्याने पिझ्झासाठी ओव्हन २२० ला लावला. आत काय आहे ते बघितलंच नाही. प्लास्टिकचं झाकण पिठात वितळलं. रात्री अकराला पुन्हा मळलं आणि फ्रीजमध्ये ठेवलं, मावशींच्या उलट्या पद्धतीने. सकाळी वळले, उकडलेला बटाटा घातलेला होताच. चोवीस पाव, एकमेकांना चिकटून, बोटाने दाबले की परत वर येणारे. साबा पहिला तोडून नुसताच खाऊन गप्प बसल्या. मग दुसरा घेतला.

नानकटाई या वेळी गोल होती. ऱ्हुबार्बचं वरण आता आठवड्यातून दोनदा होतं, आणि साबांनी त्याला घरात "विलायती चुका" नाव ठेवलंय.

ओव्हनच्या बटणावर चिठ्ठी चिकटवली आहे : "आत पीठ आहे. विचारून लावा."

एकच प्रश्न उरला. झुकिनी आता थांबायचं नाव घेत नाहीये, काल सात निघाल्या. थालीपीठ, कोशिंबीर, केक सगळं झालं. कोणाकडे अजून काही आहे का?