मनकवडी : 'टेलिपाथ'साठी हा शब्द चालेल का?

निशिगंध :
एका इंग्रजी विज्ञानकथेचा अनुवाद करतेय. सध्या या प्रकाराचं उदंड पीक आहे. एक सुपरहिरो, एखादं अवकाशयान आणि मधोमध झकास प्रेमप्रकरण. वाचायला धमाल येते, मराठीत आणताना घाम फुटतो.

यातली नायिका टेलिपाथ आहे. समोरच्याच्या मनातलं तिला शब्दन् शब्द ऐकू येतं. नायक उडतो, पूल खांद्यावर तोलून धरतो, पण ही समोर आली की मनातल्या मनात पाढे म्हणत बसतो. आपलं प्रेम तिला कळू नये म्हणून! मी बिनधास्त 'मनकवडी' लिहून मोकळी झाले. सासूबाईंनी खर्डा वाचला आणि म्हणाल्या, "अगं, मनकवडी म्हणजे न सांगता चहा पुढे करणारी. ही तर चोरून ऐकते." त्यांच्या मते मनकवडा माणूस अदमास घेतो, त्याच्या अंगात शक्तीबिक्ती काही नसते. मला मात्र लहानपणापासून या शब्दात जादू दिसत आलीय.

तुम्ही काय समजता? आणि दुसरा चांगला शब्द आहे का? 'टेलिपाथ' तसाच ठेवायचा नाहीये.

जुनाखोंड :
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्या बरोबर आहेत. मनकवडा म्हणजे ज्याला समोरच्याचा कल कळतो तो. जुना कारकून साहेबाचा मनकवडा असायचा. त्याला काही दिव्यदृष्टी नव्हती, साहेबाच्या कपाळावरची आठी वाचता यायची.

टवाळ :
असहमत. हा शब्द मी तरी कायम भांडणातच ऐकलाय. "मला काय माहीत तुला काय हवंय? मी काय मनकवडा आहे?" नुसता अदमास घेण्याला मनकवडेपणा म्हणत असतील, तर या वाक्यात दमच उरत नाही. अदमास कुणीही घेऊ शकतो, आणि न घेतल्याबद्दलच तर बोलणी बसतात. बोलणाऱ्याला म्हणायचं असतं की तू माझ्याकडून अशक्य गोष्ट मागते आहेस. म्हणजे शब्दात अशक्यपणा मुरलेला आहे. निशिगंधताई, बेधडक वापरा.

कोकणी_फणस :
टवाळ, अनुभवाचे बोल दिसतात :)

शब्दाच्या मुळाकडे कुणी बघणार आहे का? माझा आपला तर्क : मन + कवडी. आमच्याकडे कवड्यांची माळ घातलेला भुत्या दारी यायचा आणि आजीला घरातल्या गोष्टी सांगायचा. आजी थक्क. कवडीवाला तो मनकवडा.

जुनाखोंड :
भुत्याला त्या गोष्टी शेजारच्या घरातून कळायच्या. आणि असं असेल तर 'मनकवड्या' व्हायला हवं होतं, टोपीवाल्याला 'टोप्या' म्हणतो तसं. त्यापेक्षा 'कवळणे' बघा. मनाला कवळणारा, कवेत घेणारा. ळ-ड ची अदलाबदल आपल्याकडे नवी नाही.

सायली_बे_एरिया :
मला 'कवडसा' आठवला. बंद खोलीत फटीतून उन्हाची तिरीप येते तसं दुसऱ्याच्या मनात शिरणं. व्युत्पत्ती म्हणून हे टिकणार नाही, ठाऊक आहे, पण अनुवादिकेला आवडेल.

बाकी मूळ इंग्रजी शब्दही काही 'विचार ऐकणे' असं म्हणत नाही. फ्रेडरिक मायर्सने तो १८८२ साली घडवला, ग्रीक तुकडे जोडून. 'टेली' म्हणजे दूर, आणि 'पॅथी' आली 'पॅथॉस'वरून, म्हणजे भावना, यातना, जे सोसलं ते. 'सिंपथी'मध्ये तेच बसलंय. तेव्हा टेलिपाथी म्हणजे लांबून जाणवणं. सासूबाईंची चहा देणारी सून या अर्थाच्या जास्त जवळ आहे!

अनुस्वार :
उत्तम धागा. सायलीताईंच्या मुद्द्याला एक जोड देतो, कारण हा वाद फार जुना आहे.

पतंजलींच्या योगसूत्रांत, विभूतिपादात, ही शक्ती आहे. 'प्रत्ययस्य परचित्तज्ञानम्'. दुसऱ्याच्या चित्ताचं ज्ञान. शब्द हवा असेल तर 'परचित्तज्ञानी' तयार आहे. पण खरी गंमत लगेच पुढच्या सूत्रात : 'न च तत् सालम्बनं तस्याविषयीभूतत्वात्'. म्हणजे चित्त कळतं, पण ते कशावर जडलंय ते कळत नाही. या सूत्रांवरच्या जुन्या टीकेत, व्यासभाष्यात, याचं उदाहरणच असं दिलंय की, हे मन अनुरक्त आहे एवढं योग्याला कळतं, अमक्यावर अनुरक्त आहे हे कळत नाही.

आता तुमची कथा बघा. नायक समोर आला. त्याचं मन प्रेमात बुडालंय हे नायिकेला कळलं. कुणाच्या, ते नाही! त्याला पाढे म्हणायची गरजच नाही, आणि ती बिचारी दोनशे पानं झुरत बसेल. मूळ लेखकाने योगसूत्रं वाचली असती तर कादंबरी जास्त चांगली झाली असती.

तर मनकवडा म्हणजे चित्ताचा रंग ओळखणारा, त्यातला मजकूर वाचणारा नव्हे. तुमची नायिका मजकूर वाचते. म्हणून 'मनकवडी' नको असं माझं मत.

निशिगंध :
अनुस्वार, हे भारी आहे! पण 'परचित्तज्ञानी' ही मुलगी नायकाबरोबर गच्चीवर पावसात भिजणार आहे हो. त्या शब्दाला छत्री लागेल.

मेकॅनिकल_मराठी :
'दूरसंवेदक' करा. सरळ भाषांतर.

सिन्नरी :
दूरसंवेदन म्हणजे रिमोट सेन्सिंग. उपग्रहातून पिकं आणि धरणं बघतात ते. नायिका इस्रोची होईल.

मेकॅनिकल_मराठी :
मग टेलिपाथ ठेवा ना! कशाला हा अट्टहास? वाचणाऱ्या पोरांना टेलिपाथ कळतं, सुपरहिरो कळतं, 'परचित्त' म्हटलं की ती पुस्तक मिटतात. स्टेशन, टेबल पचवलं आपण, हा एक शब्द काय जड आहे?

जुनाखोंड :
याच न्यायाने महापौर 'मेयर'च राहिला असता आणि हुतात्मा 'मार्टर'. सावरकरांनी शब्द दिले तेव्हाही लोक हसलेच होते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारळीकरांची 'कृष्णविवर' पहिली आली. त्यांनी ती नावाची आद्याक्षरं उलटी करून, ना. वि. जगताप या टोपणनावाने पाठवली होती. तेव्हा किती वाचकांना कृष्णविवर म्हणजे काय ते ठाऊक असेल? कथेने शब्द रुजवला.

मेकॅनिकल_मराठी :
रुजवला? माझी भाची सातवीत आहे, मराठी माध्यमात. ती ब्लॅक होल म्हणते.

जुनाखोंड :
ती बोलताना म्हणते. परीक्षेत काय लिहिते ते विचारा.

टवाळ :
परीक्षेत लिहिण्यापुरता उरलेला शब्द जिवंत धरायचा का, हा वेगळा धागा होईल. निशिगंधताई, नायकाला काय म्हणताय? 'सुपरहिरो'च?

निशिगंध :
तिथेही घोळ आहे. आधी 'महामानव' लिहिलं होतं.

सिन्नरी :
ते काढाच. मराठीत महामानव म्हटलं की डोळ्यांसमोर बाबासाहेब येतात. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणाऱ्या घरात तुमचं पुस्तक गेलं आणि पहिल्याच पानावर 'महामानवाने तिला मिठीत घेतलं', तर काय वाटेल विचार करा. इथे भावना दुखावण्याचा मुद्दा मी काढतच नाहीये. शब्दाची जागा भरलेली आहे, एवढंच म्हणणं आहे.

निशिगंध :
म्हणूनच काढला. 'महानायक' म्हटलं तर अमिताभ किंवा नेताजी. 'अतिमानव' म्हटलं तर तो जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे.

कोकणी_फणस :
आणि 'सुपरपॉवर'ला महासत्ता म्हणाल तर अमेरिका :)
सिद्धी म्हणा की! आठ तयार आहेत. अणिमा म्हणजे मुंगीएवढं होणं, लघिमा म्हणजे हलकं होऊन उडणं, महिमा म्हणजे प्रचंड होणं. निम्मे सुपरहिरो यातच उरकले.

जुनाखोंड :
सिद्धी तपाने मिळते. कोळी चावून मिळत नाही.

अनुस्वार :
मिळते! योगसूत्रांचा चौथा पाद, पहिलंच सूत्र : 'जन्मौषधिमन्त्रतपःसमाधिजाः सिद्धयः'. जन्माने, औषधीने, मंत्राने, तपाने आणि समाधीने. सुपरमॅनची सिद्धी जन्मजात, कॅप्टन अमेरिकाची औषधीने, सुई टोचून घेतलेली. कोळ्याचा दंश औषधीत बसवायचा की नाही, यावर भाष्य लिहावं लागेल.

सायली_बे_एरिया :
_/\_

मला वेगळंच खटकलंय. पहिल्या पोस्टचा सूर असा आहे की विज्ञानकथेत प्रेम म्हणजे हल्लीची भेसळ. सुपरमॅन १९३८ साली आला, त्या पहिल्याच अंकात लोइस लेन आहे. आणि वेल्सच्या कादंबऱ्यांना त्या काळी 'सायंटिफिक रोमान्स' म्हणायचे. 'सायन्स फिक्शन' हे नाव नंतर अमेरिकेत रूढ झालं.

अनुस्वार :
तो रोमान्स म्हणजे प्रेम नव्हे हो. जुन्या अर्थाचा रोमान्स. मराठी समीक्षकांनी त्याला 'अद्भुतरम्य' म्हटलं. हळबे यांची 'मुक्तामाला' ही कादंबरी, १८६१ ची, ती अद्भुतरम्य. त्यात प्रेम असेलही, पण नाव पडलं ते अद्भुतावरून.

सायली_बे_एरिया :
मान्य, पण मग बघा, निशिगंधच्या पुस्तकाला 'अद्भुतरम्य विज्ञानकथा' म्हटलं तर रोमान्सचे दोन्ही अर्थ एका शब्दात आले. 'रम्य' आहेच त्यात.

मेकॅनिकल_मराठी :
'अद्भुतरम्य' वाचून कोण विकत घेणार? 'प्रणयकथा' लिहा, खपेल.

टवाळ :
खपेल, पण कागदात गुंडाळून. संस्कृतात प्रणय म्हणजे साधा जिव्हाळा, हे मलाही शाळेत शिकवलं होतं. पण आज वर्तमानपत्रात 'प्रणय करताना आढळले' असं छापून येतं तेव्हा ते दोघं काव्य वाचत नसतात.

जुनाखोंड :
वर्तमानपत्रांनी शब्द नासवला म्हणून आम्ही तो सोडायचा? नाट्यसंगीत ऐकणाऱ्याला प्रणय म्हणजे काय ते नीट ठाऊक आहे.

टवाळ :
नाट्यसंगीत ऐकणारा सुपरहिरोची कादंबरी घेणार नाही, काका.

जुनाखोंड :
मी घेतो. आमच्या पिढीने वेताळ वाचलाय, तो काय होता? टाइम्सवाल्यांची इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ला सुरू झाली, मराठीतही यायची. फँटमचं 'वेताळ' केलं त्या माणसाला मुजरा. भुताचा राजा, पाठीवर बसून कोडी घालणारा, सगळं आयतं मिळालं. 'चालतंबोलतं भूत' असं सरळ भाषांतर करत बसला असता तर कुणी वाचलं नसतं. आणि डायनाबरोबर त्याचं लग्न जमायला किती वर्षं लागली! त्या वाट बघण्यातच आमचं कॉलेज संपलं. निशिगंधताईंनी असाच एखादा शब्द शोधावा, जो आधीपासून गोष्टीतला आहे.

कोकणी_फणस :
बंगालीत त्याला 'अरण्यदेव' म्हणतात. मला तो जास्त आवडतो. वेताळ आमच्या गावात देव आहे. गोव्यातही वेताळाची देवळं आहेत. चड्डीवर चड्डी घातलेला वेताळ बघून आजोबांनी अंक चुलीत घातला होता.

सिन्नरी :
म्हणजे 'महामानव'ला मी घेतलेली हरकत तुमच्या आजोबांनी आधीच नोंदवली होती.

निशिगंध :
मंडळी, 'मनकवडी'चं काय ठरलं? संपादकबाई विचारतायत.

अनुस्वार :
माझं मत वर दिलंय. नको.

टवाळ :
हवा.

मेकॅनिकल_मराठी :
टेलिपाथ.

कोकणी_फणस :
अवांतर : 'कवडा' नावाचा पक्षीही असतो. होल्याचा भाऊबंद, मानेवर ठिपके असलेला. मन + कवडा हा?

जुनाखोंड :
पक्षी मनातलं ओळखतो?

कोकणी_फणस :
पोपट पाकीट काढून भविष्य सांगतो तर कवड्याने काय पाप केलंय?

सायली_बे_एरिया :
दाते-कर्वे यांचा शब्दकोश कुणाकडे घरात आहे? उघडून 'मनकवडा'ची नोंद टाका बरं, म्हणजे पक्षी तरी उडेल.

जुनाखोंड :
माझ्याकडे आहे, पण माळ्यावर. मुलगा रविवारी येईल तेव्हा काढतो. तोवर मराठी वेताळाचे जुने अंक कुणाकडे असतील तर कळवा. लग्नाचा अंक माझा कुणीतरी वाचायला नेला, तो परत आलाच नाही.