मिसेस मिशनवरून परत येतीये, मुलगा तिच्याशी बोलेना, पहिले दिवस कसे जाऊ द्यावेत? मदत हवी आहे

सगळ्यांना सलाम. आम्ही नगरचे, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतले. मिसेस स्टाफ नर्स आहे, पावसाळ्याआधी मेडिकल टीमबरोबर युगांडाला गेली, तिकडे उत्तरेला यूम्बे जिल्ह्यात बिडीबिडी म्हणून साउथ सुदानच्या निर्वासितांची वस्ती आहे, दोन लाखांच्या वर माणसं, तिथल्या दवाखान्यात बाळंतपणं आणि लेकरांचा मलेरिया हेच काम जास्त. आता नाताळच्या आधी परत येतीये, एंटेबेवरून मुंबई.

प्रश्न मुलाचा आहे, पाच वर्षांचा. सुरुवातीला रोज व्हिडिओ कॉलची वाट बघायचा, पण ते लोक आपल्यापेक्षा अडीच तास मागे, तिची ड्युटी संपेपर्यंत हा झोपलेला, त्यात तिकडचं नेटवर्क गेलं की दोन दोन दिवस कॉलच नाही. आता फोन पुढे केला की पलंगाखाली जाऊन बसतो. रात्री प्रार्थनेत आजी, आत्या, शेजारचं कुत्रं सगळ्यांची नावं घेतो, मम्मीचं घेत नाही, मी आठवण केली की पटकन आमेन म्हणतो. तिला हे माहितीये, फोनवर काही बोलत नाही पण आवाजावरून कळतं मला.

दुसरं म्हणजे मंडळी. फार प्रेमाची माणसं आहेत, दर कॉटेज मिटिंगला (घरोघरी होणारी प्रार्थनासभा) तिच्यासाठी प्रार्थना झाली, माझी आई आजारी होती तेव्हा महिला मंडळानं डबे दिले, हे मी कधी विसरणार नाही. आता ते गाडी करून मुंबईला घ्यायला यायचं म्हणतायत, हार, बॅनर सगळं, आणि लगेच येणाऱ्या रविवारी उपासनेत साक्ष, म्हणजे सगळ्यांपुढे उभं राहून तिनं आपला अनुभव सांगायचा. मला मनापासून वाटतं पहिला आठवडा पोराचा असावा. पण ज्यांनी एवढं केलं त्यांना न दुखवता हे सांगायचं कसं? पोराला एअरपोर्टवर न्यावं का? आणि तब्येतीचं काय बघावं, यलो फीवरची लस झालीये, मलेरिया होऊ नये म्हणून रोज डॉक्सीची (डॉक्सीसायक्लिन) गोळी घेतीये.

प्रतिसाद १
दादा, मी पण नर्सच. यलो फीवरचं कार्ड हँडबॅगेत वरच ठेवायला सांगा, मुंबईला उतरल्यावर बघतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. २०१६ पासून ते कार्ड आयुष्यभर चालतं. डॉक्सी परत आल्यावरही ४ आठवडे रोज घ्यायचीच, घरी आलं की लोक बंद करतात, तसं होऊ देऊ नका. नंतर ताप आला तर व्हायरल असेल म्हणून क्रोसिनवर थांबू नका, त्याच दिवशी मलेरियाची टेस्ट, आणि डॉक्टरांना युगांडाहून आलीये हे आधी सांगा. तिकडे फॅल्सिपेरम जातीचा मलेरिया जास्त, तो मेंदूवर जाऊ शकतो. पुढचे काही महिने हे लक्षात असू द्या.

प्रतिसाद २
माझे पप्पा सुवार्तिक (गावोगावी जाऊन सुवार्ता सांगणारे) होते, महिनोन्‌महिने बाहेर असायचे. आले की घर पाहुण्यांनी भरायचं आणि सगळे मला म्हणायचे जा पप्पांना मिठी मार, मला ते अजिबात नको असायचं. दुसऱ्या दिवशी पप्पा काही न बोलता माझं दप्तर उचलून शाळेपर्यंत चालत आले, तिथून मी बोलायला लागले. त्याला एअरपोर्टच्या गर्दीत नेऊ नका, घरीच भेटू दे, कोणी जबरदस्ती करू नये. ताईंना म्हणावं त्याचं रोजचं एखादं काम हातात घ्या, आंघोळ, डबा काहीही. आणि पाळकसाहेबांना तुम्ही एकटे जाऊन भेटा, साक्षीसाठी नाताळनंतरचा रविवार तुम्हीच सुचवा. नुसतं थांबा म्हटलं तर लोकांना लागतं, तारीख दिली की तयारीला लागतात.

धागाकर्ता
खूप आभार ताई, दोघींचे. मिसेसला विचारलं, तीच म्हणाली हार नको, फक्त आईच्या हातचं वरणभात. पाळकसाहेबांकडे उद्या जातो. एकच अजून विचारायचंय, मागे एकदा तिची परतीची तारीख पुढे गेली तेव्हा पोरगं दिवसभर जेवलं नव्हतं, मग आता त्याला दिवस सांगून ठेवू का विमान मुंबईत उतरल्यावरच सांगू? कोणी असं केलं असेल तर प्लीज लिहा.